तुमच्या कार्डांवरच्या बाया

बाई,

आज सकाळी रेखानं तुमच्या मशीनवरचं फडकं काढलं. तुमची तेरवी होऊन आठ दिवस झाले तरी तिचा हात तिकडे जात नव्हता. आज तिनं चाकाला तेल घातलं, सुई बदलली आणि पहिल्यांदा काय शिवलं, तर माझ्या पिशवीचा तुटलेला बंद. मी आत स्वयंपाकघरात होते. मशीनचा आवाज कानावर आला आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "बाई, चहा ठेवू का?" मशीन थांबली. रेखा, तुमची सून, बाहेरून म्हणाली, "ठेवा काकू. आत्याबाईंच्या वाट्याचा पण मीच पिते."

रेखाला तुमचं वळण लागलं आहे, एवढं तरी तुम्हाला कळवावं. पण लिहायला बसण्याचं कारण वेगळं आहे. काल बाजारासाठी आलेल्या कौसाबाई घरी डोकावल्या आणि तुम्ही नऊ वर्षं माझ्यापासून लपवून ठेवलेली गोष्ट सहज सांगून गेल्या. आता रेखाच्या हातचं पोलकं बाळापूरच्या बायकांच्या अंगाला बसणार की नाही, हे मी तुमच्या कार्डांचं जे करून ठेवलं त्यावर येऊन थांबलं आहे. त्यावर मला तुमच्याशी बोलायचं आहे. समोरासमोर भांडणं मला कधी जमलं नाही. मला उत्तर सुचेपर्यंत तुम्ही दोन्ही बाह्या जोडून मोकळ्या झालेल्या असायच्या. "निर्मलाचं उत्तर दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं येतं," असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात. ही तीच एसटी समजा.

सुरुवात त्या बिस्किटांच्या डब्यापासून करते. मी या घरात धाकटी सून, तुमची जाऊ म्हणून आले, त्याच्या तिसऱ्या का चौथ्या दिवशी तुम्ही मला ओसरीवर बोलावलंत. पत्र्याच्या डब्यातून कार्डं काढून सतरंजीवर पत्त्यांसारखी मांडलीत. तळहाताएवढी, जाड कागदाची, रंगीत. असलं काही मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. तुमच्या माहेरी, शिरड शहापूरला, आजोबांपासून कापडाचं दुकान होतं. जुन्या काळी कापडाच्या ठाणावर, रिळांच्या खोक्यात, केसांच्या तेलाच्या पेटीत कंपन्या अशी चित्रं घालून पाठवत. दुकानदारानं ती भिंतीला लावायची आणि गिऱ्हाइकानं चित्रावरून माल ओळखायचा. तुमच्या आजोबांनी ती भिंतीला न लावता जपून ठेवली, आणि इतर मुलींच्या वाट्याला बाहुल्या येतात तशी लहानपणी तुमच्या वाट्याला ही कार्डं आली. जवळजवळ प्रत्येकावर एक बाई. कुणी नऊवारीतली, कुणी पारशी पद्धतीनं पदर घेतलेली, कुणी गळ्याशी लेस लावलेली. एक तर चक्क गोरी मडम, टोपीत पक्ष्याचं पीस खोवलेली.

"निवड," तुम्ही म्हणालात.

"काय निवडू?"

"तुझं पोलकं. या गल्लीत नवी आलेली परतेक पोरगी एक बाई निवडती. मग तिच्यासारखं पयलं पोलकं मी शिवून देते. अन् लाजू नको. लाजून निवडलेलं पोलकं काखेत काचतं."

मी खुर्चीत बसून पुस्तक वाचणारी बाई उचलली. खरं सांगायचं तर तिच्या अंगावर काय आहे हे मी पाहिलंच नव्हतं. तुम्ही कार्ड हात लांब करून न्याहाळलंत.

"आगं, हिचं पोलकं दिसून राहिलं कुटं? पुस्तकानं झाकलंय सगळं."

"मग दुसरं घेऊ?"

"काहून? हात पडला तो पडला. जे दिसत न्हाई ते मी शिवते."

मग तुम्ही माझी मापं घेतलीत. छाती, बाही, मुंढा. आणि शेवटी माझ्या हातात जुना पेपर देऊन म्हणालात, "बस, आन वाच." मी बसले, वाचू लागले, आणि तुम्ही माझ्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिलात. मला वाटलं, शिकलेली सून आणली म्हणतात, ती खरंच शिकलेली आहे का ते तुम्ही तपासताय. म्हणून मी चांगलं ठासून, स्वल्पविराम सांभाळून वाचलं. पीक-पाण्याची बातमी होती. तुम्ही "बास" म्हणालात, कानामागची पेन्सिल काढलीत आणि त्या सुंदर कार्डाच्या पाठीवर भराभर काहीतरी लिहून ते डब्यात टाकून दिलंत.

 माझ्या माहेरी पुस्तकाचं पान दुमडलं तरी बोलणी बसत. आणि इथे एवढ्या जुन्या चित्रावर पेन्सिल. आपलं भांडण त्याच दिवशी सुरू झालं. तुम्हाला मात्र त्याचा पत्ता नव्हता, कारण मी तोंडच उघडलं नाही.

पोलकं मात्र झालं देखणं. कोपरापर्यंत बाही, कडेला बोटभर लेस, लहान गोल गळा. पुस्तकाच्या मागे ती बाई हेच घालून बसली आहे, असं तुम्ही इतक्या खात्रीनं सांगितलंत की पुढे मला तसंच दिसायला लागलं.

तुमच्या बायांना नावं होती. छत्रीवाली, आरसेवाली, पोपटवाली, मडम. एकीच्या पायाशी उर्दूत एक ओळ होती. तुमचे वडील निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. तुम्ही लहान असताना त्यांना विचारलंत की इथं काय लिहिलंय, तर त्यांनी सांगून टाकलं, "तिचं नाव." त्यामुळे ती हैदराबादची कुणी मोठी बेगम असणार, असं तुम्ही धरून चालला होतात. पन्नाशी उलटेपर्यंत. मला काही ते स्वस्थ बसू देईना. मी ती ओळ कागदावर हुबेहूब उतरवून घेतली आणि हिंगोलीला एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं आणि म्हणाले, "रंग पक्का है. धोने से नहीं जाता."

घरी येईपर्यंत मी ठरवत होते, सांगावं की नाही. शेवटी सांगितलं. तुम्ही इतक्या हसलात की सुईतून दोरा निघाला.

"मग बराबर हाय की," तुम्ही म्हणालात. "बाईचं नाव याच्याहून चांगलं काय असतंय?"

त्या दिवसापासून बेगमसाहेबा रंगपक्की झाल्या.

एका लग्नसराईत अख्ख्या बाळापूरला छत्रीवालीची बाही लागली होती, आठवतं? खांद्याशी चुण्या, खाली घट्ट. मी बाजारात भाजी घेत होते आणि जिकडे पाहावं तिकडे तीच बाही. डब्यातून उठून सगळ्या छत्रीवाल्या बाजाराला आल्या आहेत आणि छत्र्या तेवढ्या घरी विसरल्या आहेत, असं वाटत होतं. पुढे पुढे कॉलेजच्या पोरी मोबाइलवर फोटो दाखवायला येत. तुम्ही फोटो बघायच्या, डब्यात हात घालायच्या आणि बरोबर त्याच बाहीचं कार्ड समोर धरायच्या. "तुझ्या फोनमधल्या बाईच्या आजीनं घालून टाकलेली बाही हाय ही. बोल, हातभर ठेवू का इतभर?"

आणि कौसाबाई. शेरडं-मेंढरं राखणारं घर, गावाच्या कडेला राहणारं. पहिल्यांदा आल्या त्या काठी दाराशी टेकवून थेट सतरंजीवर बसल्या आणि सगळ्या चित्रांतून त्यांनी उचलली ती मडम.

"असंच शिवा. टोपी न्हाई लागत फकत."

"कौसे, हिची कंबर बघ. हिनं जेवण सोडलंय."

"मग कंबर माझी ठेवा. बाकीचं हिचं ठेवा."

तुम्ही खणाच्या कापडाला मडमेची उभी कॉलर लावलीत आणि पुढून कापडानं मढवलेली बटणं. ते पोलकं घालून कौसाबाई रानात गेल्या. पुढच्या बाजाराला आल्या तेव्हा तुम्ही विचारलंत, "काय गं, मेंढरं बुजली का?"

"मेंढरं न्हाई. मालक बुजला."

तुमच्या या बायांनी मला नोकरी मिळवून दिली, हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. शाळेच्या ग्रंथालयातली जागा मला मिळत होती आणि आपल्या सासूबाईंचा सूर नकाराचा होता. "बाईमाणसानं दिवसभर पुस्तकं वाटत बसायचं? लोकं काय म्हनतील?" माझं उत्तर उद्याच्या एसटीत. तुम्ही बटणं लावत होतात. तुम्ही डबा उचललात आणि सासूबाईंच्या पुढ्यात पालथा केलात.

"बघा आत्याबाई. हिच्या हातात छत्री. हिच्या हातात आरसा. हिच्या हातात पोपट. मोकळ्या हातानं बसलेली एक तरी बाई काढून दावा."

सासूबाई हट्टाला पेटल्या. एकेचाळीस कार्डं त्यांनी एकेक करून तपासली. शेवटी थकून मांडीवर हात ठेवून बसल्या.

तुम्ही म्हणालात, "मग आमच्या धाकलीच्या हातात पुस्तक असलं तं काय बिघडलं?"

"पोपट परवडला," सासूबाई म्हणाल्या. "पुस्तकवाली उलट बोलती."

"ही न्हाई बोलत. हिचं उत्तर दुसऱ्या दिवशी येतं."

सासूबाईंना हसू आलं, आणि हसू आल्यावर त्यांना नकार देता येत नसे, हे तुम्हाला माहीत होतं. मी कामावर रुजू झाले. निवृत्त होईपर्यंत सत्तावीस वर्षं त्या खोलीत बसले. आणि तुम्हाला कधी आभाराचा एक शब्द म्हटला नाही. त्या दिवशी मी काय म्हणाले हे मला पक्कं आठवतं. मी म्हणाले, "चहा ठेवते."

ग्रंथालयात बसायला लागल्यावर मला तोंड फुटलं आणि आपलं खरं भांडण जुंपलं. कार्डाची सुलट बाजू कोणती? माझ्या मते चित्राची. त्यात विचारण्यासारखं काय आहे? तुम्ही म्हणायचात, पाठीची. कुठल्याही कापडावरून अंगठा फिरवून तुम्ही डोळे मिटून उलट-सुलट सांगायच्या, त्यामुळे या विषयात तुमच्यापुढे माझं चालत नसे, तरी मी नेट धरायची.

"बाई, लोक अशी चित्रं काचेत ठेवतात. तुम्ही त्यावर मापं लिहिता."

"चित्रातली बाई कुणाच्या वळखीची हाय का? पाठीवरची बाई उद्या पोलकं मागायला येनार हाय."

"पण अशी चित्रं आता मिळत नाहीत."

"आन कौसी मिळती का?"

यावर माझी एसटी अजून आलेली नाही.

आता नऊ वर्षांपूर्वीच्या दिवाळीकडे येते. तुम्ही लेकीकडे महिनाभर राहायला गेलात. मला सुट्टी होती. मी नांदेडहून काळ्या जाड पानांचा अल्बम मागवला. ग्रंथालयात पुस्तकं बांधायला शिकले होते, त्या पद्धतीनं मैद्याची खळ शिजवली, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकलं आणि तुमची एकेचाळीस कार्डं पाठीला पुरती खळ लावून पानांवर चिकटवली. वरून शब्दकोशांचे खंड ठेवून दाबली. पाठीवरचं पेन्सिलीचं लिखाण मला दिसत होतं. पण रेखा त्याच वर्षी तुमच्या हाताखाली बसायला लागली होती आणि तिनं मापांची वही घातली होती. जुनी मापं आता कुणाला लागणार, असा मी हिशेब केला. ग्रंथपालाला असंच वाटतं, बाई. नवी नोंदवही आली की जुनी बांधून ठेवायची. वहीत फक्त नवी गिऱ्हाइकं होती, हे मी उघडून पाहिलंही नाही.

तुम्ही आलात. पाय धुतलेत. मी अल्बम तुमच्या मांडीवर ठेवला. तुम्ही एकेक पान सावकाश उलटलंत. मग छत्रीवालीच्या कोपऱ्याखाली नख घालून पाहिलंत. नख आत गेलं नाही.

"पक्कं चिकटवलंस."

"पन्नास वर्षं हलणार नाही," मी म्हणाले. अभिमानानं.

"व्हय. दिसून राहिलंय." आणि तुम्ही हसलात. "माझ्या बायांना आता पाठच न्हाई राहिली."

मला ती थट्टा वाटली. पुढे जो कुणी येईल त्याला तुम्ही अल्बम दाखवायचात, "आमच्या धाकलीनं केलं" म्हणून सांगायचात. मी आत उभी राहून ऐकायची आणि फुगायची.

तुमच्या शेवटच्या दोन महिन्यांत तो अल्बम कायम तुमच्या बाजेवर असे. हात कापत होता, सुई ओवता येत नव्हती, पण पानं उलटता येत होती. एकदा दुपारी तुम्ही म्हणालात, "निर्मले, हे भिजव."

"चित्रं जातील, बाई."

"रंगपक्कीला इचार."

"ती जाहिरात आहे. जाहिरातीवर कुणी भरवसा ठेवतं का?"

"मी सत्तर वर्सं ठिवला."

मी तुमची चादर नीट करत राहिले. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "माझ्या डोळ्यांदेखत नको वाटत असंल तं माझ्या माघारी भिजव. पण तुझी बाई पयली काढ." मी "बघू" म्हणाले. त्या दुपारी मला वाटलं, तुम्हाला चित्रं नुसती सुटी हवी आहेत, लहानपणी होती तशी. मी का भिजवायची असं विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. आपण दोघी जन्मभर एकमेकींशी बोलत होतो, पण विचारायची गोष्ट नेमकी राहून जायची.

काल कौसाबाई आल्या. दाराशी काठी टेकवली. मशीनकडे पाहून पदर डोळ्यांना लावला आणि मग त्याच पदराखालून एक पोलकं काढलं. तुम्ही आजारी असताना रेखानं त्यांना शिवून दिलेलं.

"सूनबाई, राग मानू नको. माप बराबर हाय, पोलकं न्हाई."

रेखानं वही उघडली, टेप लावला. सगळं जुळत होतं. तरी पोलकं डाव्या खांद्यावरून घसरत होतं. तिचं तोंड उतरलं. मग ती मला जे म्हणाली ते तिनं तुमच्या आजारपणात कुणाला सांगितलं नव्हतं. चार-पाच जणींची पोलकी अशीच परत आली आहेत. बायका भल्या, बोलत नाहीत. पण दोघींनी हिंगोलीला शिवायला टाकल्याचं तिच्या कानावर आलं आहे. "आकडे आत्याबाईंचेच हायेत, काकू. मी काय चुकून राहिले ते मलाच कळंना."

"तुझं न्हाई चुकत," कौसाबाई म्हणाल्या. "आकड्याच्या बाजूला बाई काय काय लिहायच्या. ते त्या चित्रांच्या पाठीवर राहिलं." आणि मग माझ्याकडे बघून, "तुमाला ठाव न्हाई का? त्या दिवाळीनंतर बाईनी एकेकीला बोलवून फिरून मापं घेतली, वहीत लिवली. मला म्हणल्या, कौसे, दोन बोटं वाळलीस, माप बदललं. मी इतकी खूश झाले की चार घरी सांगत गेले. तं चारी घरच्या बाया म्हणल्या, आमाला बी तेच सांगितलं. एका दिवाळीत सगळं बाळापूर वाळलं."

रेखाला हसू फुटलं. मला फुटेना.

"मी आले भांडायला. तवा म्हणल्या, कार्डं चिकटली गं. पर कुणाला बोलू नको. आमच्या निर्मलाला कळलं तं ती जेवायची न्हाई."

बाई, मी काल जेवले नाही. म्हणजे तुमचं बरोबरच होतं. पण नऊ वर्षं तुम्ही एकटीनं हे सांभाळलंत, पाठीवरचं सगळं डोक्यातून काढून शिवत राहिलात आणि पाहुण्यांना माझा अल्बम दाखवत राहिलात, याबद्दल माझी तक्रार आहे. एवढी तकलीफ घेण्यापेक्षा एकदा रागवायचं होतंत. मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं असतं.

आज दुपारी परात घेतली. कोमट पाणी. अल्बममधून पुस्तकवालीचं पान कापून काढलं आणि हातात धरून उभी राहिले. रेखा म्हणाली, "काकू, तुमी डोळे मिटा, मी सोडते." मी म्हटलं, मीच सोडते. सोडलं. मग भीती वाटली की मी जे करते तेच केलं, पुस्तक घेऊन बसले. एक ओळ चार-चार वेळा वाचत होते. तेवढ्यात रेखा ओरडली. पाणी काळंभोर झालं होतं.

 रेखानं परातीत हात घालून कार्ड वर काढलं. पुस्तकवाली खुर्चीत होती तशी बसली होती. गाल गुलाबी, पुस्तक लाल, बाहीची लेस पांढरी. रंग गेला होता तो अल्बमच्या काळ्या पानाचा, मी नांदेडहून मागवलेल्या. तुमच्या बाया पक्क्या निघाल्या, बाई. कच्ची निघाली ती माझी वस्तू.

कार्ड धुतल्या पंच्यावर चित्र खाली करून ठेवलं. पाठीवर खळीचा थर होता, तो बोटानं हळूच पुसला. पेन्सिल शाबूत होती, पण ओल्या कागदावर नीट दिसेना. म्हणून लगेच मडम सोडली. तिच्या पाठीवरची खळ सुटल्यावर रेखानं ती खिडकीशी नेऊन मोठ्यानं वाचली. आधी आकडे. मग तुमचं गोल अक्षर. "काठी डाव्या खांद्यावर. तो खांदा अर्धा बोट उतरता. डावीकडून आत घेणे. कॉलरीचा नाद आहे, ती नेहमी लावणे."

रेखानं ती ओळ दोनदा वाचली. पुढे वाचायला ती थांबलीच नाही. कौसाबाईंचं पोलकं घेतलं आणि डाव्या खांद्याची शिवण उसवायला बसली.

संध्याकाळपर्यंत अकरा बाया सुटल्या. ओसरीभर पंचे पसरले आहेत. आरसेवालीच्या पाठीवर लिहिलं आहे, "हात उंच करून पाणी भरते, काखेत सूट ठेवणे." पोपटवालीच्या पाठीवर, "सासूला गळा दाखवून घेणे, मग शिवणे." मी जिला जन्मभर गिचमिड म्हटलं, ते या गावात मी वाचलेलं सगळ्यात चांगलं लिखाण निघालं, आणि ते लिहिणारी बाई चौथी शिकलेली होती.

मघाशी रेखा दिवा लावायला आली. सगळी कार्डं पालथी बघून म्हणाली, "काकू, सुलटी वाळत घातली ना?"

"हो," मी म्हणाले. यावर जास्त बोलायची माझी तयारी नाही.

माझं कार्ड तोवर वाळलं होतं. ते घेऊन खिडकीशी बसले. खालून वर वाचत गेले, कारण खालचं ताजं होतं. सगळ्यात खाली, "अजून वाढली. बोलू नये, पुस्तक घेऊन रुसते." त्यावर, "वाढली." त्यावर, "नोकरी. हात वर करून कपाटातून पुस्तक काढते, लांबी एक बोट जास्त." त्याच्या वर दोन ओळी जरा दाबून लिहिलेल्या. "लेकरू राहिलं नाही. सहा महिने सैल शिवणे. विचारू नये."

ती दोन सैल पोलकी मला आठवतात. त्या वर्षी घरात येणारी प्रत्येक बाई मला काहीतरी विचारत होती. तुम्ही एकट्याच बटणं लावत गप्प बसायच्या, आणि मला वाटायचं, तुमच्या लक्षातच आलं नाही.

सगळ्यात वरची ओळ पहिल्या दिवसाची. सर्वांत पुसट. कार्ड तिरकं धरल्यावर उजेडात उमटली. त्या दिवशी मी ठासून, स्वल्पविराम सांभाळून पीक-पाण्याची बातमी वाचत होते आणि तुम्ही माझ्या पाठीमागे उभ्या होतात. तेव्हाची ही ओळ.

"मान खाली घालून वाचते. मागून गळा दोन बोटं उंच ठेवणे, म्हणजे वाचताना तिला पदर सावरावा लागणार नाही."

हे सगळं लिहिताना दीड तास माझी मान खाली आहे. अंगात तुमच्याच हातचं पोलकं आहे, शेवटून दुसरं. आत्ता हात मागे नेऊन पाहिला. गळा जागेवर आहे.